गेटबाहेरची नायिका आणि इतर पगारदार

'कुंकू'मधल्या नीराने म्हाताऱ्या नवऱ्यापुढे मान तुकवायला कसा नकार दिला, हे मराठी माणसाला पाठ आहे. ती नीरा, म्हणजे शांता आपटे, दोनच वर्षांनी स्वतःच्या मालकांपुढेही तशीच ताठ उभी राहिली. हा प्रसंग मात्र 'प्रभात'च्या सुवर्णकाळावरच्या लेखांत दीड ओळीत उरकला जातो. साल १९३९, महिना जुलै. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी कंपनीचीच गाजलेली नायिका उपोषणाला बसली. वाद होता पगाराचा. गैरहजर दिवसांचे पैसे कापले, यावरून.

आजच्या वाचकाला इथे ठेच लागते. नायिकेला पगार? होय. त्या काळी स्टुडिओतले सगळेच महिन्याच्या पगारावर असत. नायक, नायिका, संगीतकार, रंगारी, सुतार, सगळे एकाच फाटकातून आत जात. चित्रपट वर्षभर चालला म्हणून नायिकेचे पाकीट जाड होत नसे आणि हातात चित्रपट नसला तरी ती दुसऱ्याच्या दारात जाऊ शकत नसे, कारण करार. शांताबाईंची अडचण नेमकी तीच होती. १९३८च्या 'गोपाळकृष्ण'मध्ये त्या होत्या. १९३९च्या 'माणूस'मध्ये नायिका होत्या शांता हुबळीकर. (मालक शांताराम, नायिका दोन शांता, नावांवरून पाहिले तर त्या स्टुडिओत शांततेला तोटा नसावा.) बाहेर काम करायची मुभा नाही, आत काम पुरेसे नाही, आणि आलाच नाहीत तर पगारही नाही. अशा माणसाने करावे काय?

त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते, त्यामुळे हत्यार ताजे होते. 'प्रभात'ने तर अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या स्त्रीवर चित्रपट काढून टाळ्या मिळवलेल्या. पण तीच स्त्री पडद्यावरून उतरून फाटकाशी येऊन बसली, तेव्हा कंपनीच्या लेखी तो हजेरीपटाचा प्रश्न झाला. वर्तमानपत्रांची चंगळ झाली. उपोषण फार लांबले नाही, 'प्रभात'शी असलेले नाते मात्र संपले. पुढच्या वर्षी, १९४० साली, शांताबाईंचे पुस्तक आले: 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी लिहिलेले. त्यात चित्रपटाच्या झगमगाटापेक्षा चित्रपटात काम करून थकणाऱ्या माणसांविषयी जास्त आहे. एवढे लिहून दारे बंद होतील असे कुणालाही वाटेल. झाले उलटेच. १९४१ साली शांताबाई तमिळ शिकून तमिळ 'सावित्री'त नायिका झाल्या आणि त्यात नारदाच्या भूमिकेत होत्या साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पुण्यातल्या मालकांनी रजेचा हिशेब चोख ठेवला. कोण हातचे गेले त्याचा हिशेब कोणत्या वहीत ठेवला, ते कळायला मार्ग नाही.

याच कंपनीत या उपोषणाच्या चार वर्षे आधी आणखी मोठे नाव अडकले होते. बालगंधर्व. गंधर्व नाटक मंडळीचे वैभव, अत्तरे, गालिचे आणि कर्ज यांच्या कथा सांगायची गरज नाही. कर्जाने गळ्यापर्यंत पाणी आले तेव्हा बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणरावांनी, 'प्रभात'शी सहा चित्रपटांचा करार केला. पहिला चित्रपट ठरला एकनाथांवरचा. नाव होते 'महात्मा'. सेन्सॉरला त्या नावात दुसरेच कुणी दिसले, म्हणून १९३५ साली तो 'धर्मात्मा' होऊन आला. पण खरी अडचण नावात नव्हती. ज्यांच्या शालूची घडी पाहून घराघरांत बायका शालू नेसायला शिकल्या, त्यांना इथे पुरुषवेषात उभे केले होते. समोर वन्समोअर देणारा प्रेक्षक नाही, आहे तो कॅमेरा. पद रंगात आले की कुणी तरी 'कट' म्हणणार.

आणि 'कट' म्हणणारा कोण? दिग्दर्शक व्ही. शांताराम. हे शांताराम लहानपणी कोल्हापुरातून ज्या नाटक कंपनीत पोरसवदा नट म्हणून लागले होते, ती गंधर्व नाटक मंडळी. एके काळी ज्या मालकांच्या कंपनीत पंगतीला बसलो, त्यांनाच आता "नारायणराव, पुन्हा एकदा" म्हणायची वेळ! दोघांनाही ते किती जड गेले असेल, याचा अंदाज रंगपटात वावरलेल्या कुणालाही येईल. सहापैकी एक चित्रपट झाला. उरलेले पाच दोन्ही बाजूंनी सामोपचाराने विसरले आणि बालगंधर्व पुन्हा रंगभूमीवर, म्हणजे पुन्हा कर्जाकडे, परत गेले. आमच्याकडच्या जुन्या रंगभूषाकारांमध्ये यावर दोन तट आहेत. एकांचे म्हणणे, त्यांनी सहाही करायला हवे होते, निदान म्हातारपण सुखात गेले असते. दुसऱ्यांचे म्हणणे, एक केला तोच जास्त झाला. मी दुसऱ्या तटात आहे.

पुण्यातला तो स्टुडिओ म्हटला की लोकांना देव आनंद आणि गुरुदत्त यांच्या शर्टांची अदलाबदल आठवते. एकच धोबी, शर्टांची गल्लत, त्यातून मैत्री. हे सांगून सांगून त्या शर्टांची कॉलर झिजली. त्या शर्टांच्या आधीचा किस्सा जास्त चवदार आहे. देव आनंद तेव्हा मुंबईत लष्करी सेन्सॉरच्या कचेरीत होते. पगार १६५ रुपये, काम सैनिकांची पत्रे फोडून वाचायचे. युद्धाच्या दिवसांत १६५ रुपये म्हणजे चांगलेच. सोडायला छाती हवी. एके दिवशी हाती आले एका लष्करी अधिकाऱ्याचे बायकोला लिहिलेले पत्र. त्याच्या मनात होते, ही नोकरी फेकून द्यावी आणि सरळ तुझ्याकडे यावे. देव आनंद यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे की ते वाचून त्यांनाच कौल मिळाल्यासारखे झाले. त्या अधिकाऱ्याने नोकरी सोडली की नाही, देव जाणे. त्याचे पत्र तपासणाऱ्याने मात्र सोडली!

आणि सोडून पकडले काय? 'प्रभात'चा तीन वर्षांचा करार, महिना ४०० रुपये. गुरुदत्तही तिथे तीन वर्षांच्याच करारावर होते. त्याआधी कलकत्त्यात लिव्हर ब्रदर्समध्ये टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळाल्याची तार त्यांनी घरी केली होती आणि थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडलीही होती. 'प्रभात'मध्ये ते विश्राम बेडेकरांच्या हाताखाली सहाय्यक होते, 'हम एक हैं'ला नृत्ये बसवत होते. जे पडेल ते करायचे. पगारी माणूस 'हे माझे काम नाही' कसे म्हणणार? १९४७ साली करार संपला आणि माटुंग्याच्या घरात बेकारीचे महिने सुरू झाले. सुटका झाली होती, पण खिशाला ती मानवत नव्हती. त्याच रिकाम्या महिन्यांत त्यांनी 'कश्मकश' नावाची कथा लिहिली. दहा वर्षांनी ती 'प्यासा' म्हणून पडद्यावर आली. 'प्रभात'ने आणखी तीन वर्षांचा करार पुढे केला असता, तर गुरुदत्तांनी सही केली असती का? मला तर वाटते, डोळे मिटून केली असती.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्येही तऱ्हा तीच. अशोककुमार तिथे प्रयोगशाळेत होते, फिल्म धुण्याच्या खात्यात, आणि तिथे सुखी होते. १९३६च्या 'जीवन नैया'चा नायक मालकांच्या मर्जीतून उतरला (मालकांच्या पत्नी आणि नायिका देविकाराणी त्याच्याबरोबर पळून गेल्या होत्या) आणि हिमांशू रॉय यांनी प्रयोगशाळेतल्या मुलाला कॅमेऱ्यासमोर उभे केले. मुलाला अजिबात जायचे नव्हते. पण महिन्याच्या महिन्याला पगार देणारा म्हणतो उभा राहा, तर उभे राहायचे. हिंदी चित्रपटसृष्टीला पहिला मोठा तारा मिळाला तो असा, नाही म्हणता न आल्यामुळे. देविकाराणी परतल्या तेव्हा त्यांनीही म्हणे अट घातली: घरखर्च नवऱ्याने चालवायचा आणि माझ्या कामाचे पैसे वेगळे, माझ्या हातात. मालकाची बायकोही शेवटी पगार मागायलाच आली! पुढे याच देविकाराणींनी दिलीपकुमार यांना १२५० रुपये देऊ केले, तेव्हा घरच्यांना वाटले, हे वर्षाचे असणार. कारण राज कपूरला महिना १७० मिळत होते. एका परिचिताकडून चौकशी करून घेतली, तेव्हा खात्री पटली की ते महिन्याचेच.

आता पुढे जाऊ, कारण मराठी रंगभूमीने या सगळ्यावर एक भन्नाट तोडगा काढला होता. त्याचे श्रेय कोणत्याही नाट्यसंमेलनात कुणी दिलेले मी ऐकले नाही. तो तोडगा म्हणजे बँक.

अशोक सराफ दहा वर्षे स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. बँक नाही, पण नोकरीच: दादा कोंडके 'अपना बाजार'मध्ये. दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांचे दिवस गाजत होते, तेव्हा तिथल्या कित्येक तालमी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावरच सुरू होत, कारण राजापासून भालदारापर्यंत सगळ्यांना आधी कुठल्या तरी खिडकीमागे पाच-सहा तास बसायचे असे. प्रायोगिक नाटकाला पैसा कोण देत होते, असा प्रश्न चर्चासत्रांत नेहमी येतो. उत्तर सोपे आहे. राष्ट्रीयीकृत बँका देत होत्या, फक्त त्यांना ते माहीत नव्हते. तिकीटविक्री नऊ रुपये झाली काय नि नव्वद झाली काय, एक तारखेला पगार होताच. म्हणून हवे ते नाटक करता येत होते आणि नको ते सोडता येत होते.

डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शल्यचिकित्सा सोडून पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले, त्या धाडसाचे पोवाडे आपण गातो; गावेतच. पण पडद्यामागची मंडळी एक पुस्ती जोडतात: नाटक पडले असते तरी नाक-कान-घसा कुठे जाणार होते? निळूभाऊंकडे तेही नव्हते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, पगार ८० रुपये. त्यातले दहा सेवादलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायचे मनात होते. भांडवल जमेना म्हणून राहून गेले. ते जमले असते तर हडपसरला कुठे तरी उत्तम गुलाब मिळाले असते आणि मराठी सिनेमाला सरपंच मिळाला नसता.

मग मालिका आल्या आणि चक्र फिरले. रोजचा भाग म्हटल्यावर नोकरी सांभाळून काम करणे संपले. नटाने बँक सोडली आणि तो पुन्हा शांताबाईंच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. फरक एवढाच की 'प्रभात'चा पगार महिन्याला होत असे. मालिकेत आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाज पडला. दुसरीकडे काम करायला बंदी मात्र जुनीच.

अशा सेटांवर कंट्रोलरच्या खोलीत मी पुष्कळ बसलो आहे. नावे विचारू नका. मंडळी अजून कामात आहेत.

एका मालिकेचा नायक दिवसाचे पैसे वाढवून मागत होता. निर्माता नुसते "बघू, बघू" करत होता. एके सकाळी नायक मेकअप करून सेटवर आला तर दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला त्याचाच फोटो, मोठ्या फ्रेममध्ये, चंदनाचा हार घातलेला. कुणी काही बोलले नाही. त्यानेही विचारले नाही. चेहरा पांढरा पडला, मेकअपदादांना पुन्हा हात फिरवावा लागला, आणि पैशांचा विषय त्या दिवशी संपला. गंमत अशी की निर्मात्याचा त्यात काडीचाही हात नव्हता. कला विभागाने भिंतीवरचे सामान भाड्याने आणले होते. त्या गठ्ठ्यात नायकाच्या आधीच्या मालिकेतला फोटो आला होता, जिच्यात तो सव्वाशेव्या भागात मेला होता. निर्मात्याला हे कळले तेव्हा तो पोट धरून हसला. बाकीचे सामान परत गेले. तो फोटो त्याने विकत घेऊन ठेवला.

दुसऱ्या एका सेटवरची नायिका. घोडबंदर रोडला फ्लॅट, हप्ता पाच तारखेला, पैसे नव्वद दिवसांनी. मधली दरी भरत होते स्पॉटदादा. हे वाचून चकित होऊ नका. स्पॉटदादांचे पोट हातावर, त्यामुळे त्यांचे पैसेही लगेच हातात पडत. सेटवर रोकड असलेला बहुधा तो एकच माणूस. अंगावर लाखाचे दागिने (खोटे) घातलेली सून चहाच्या टेबलामागे जाऊन त्यांच्याकडून हप्त्यापुरते घेई आणि चेक वटला की फेडी. दोन वर्षांनी ती विटली. रोज तेरा तास, तेच रडणे, तीच थाळी फेकणे. सोडते म्हणाली. चॅनेलने समजावले, निर्मात्याने समजावले, लेखकाने दुहेरी भूमिकेचे आमिष दाखवले, बाई बधेना. शेवटी स्पॉटदादा आत गेले. सगळ्यांना वाटले, आता हा आपले पैसे मागणार. "ताई, तुमचे राहू द्या," ते म्हणाले, "पण तुम्ही गेलात तर मालिका बंद. आणि माझे पैसे या मालिकेतल्या आणखी सात जणांकडे आहेत." तिने एका वर्षाची मुदतवाढ सही करून दिली. चॅनेलने श्रेय लेखकाच्या दुहेरी भूमिकेला दिले.

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले तेव्हा मराठी मालिका बिऱ्हाड घेऊन गोव्याला गेल्या, हे सर्वांनी वाचले. एकाच रिसॉर्टमध्ये राहायचे, तिथेच चित्रीकरण, बाहेर पडायचे नाही. एका युनिटचा दिग्दर्शक सहा महिने राजीनामा खिशात घेऊन फिरत होता. आता तर अडकून पडला होता शब्दशः. रोज रात्री समुद्राकडे तोंड करून म्हणायचा, एकदा हे संपू दे, मग मी मोकळा. मे महिन्यात गोवा सरकारनेही परवानगी काढून घेतली. सामान बांधायची गडबड उडाली, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. दिग्दर्शक बाजूला जाऊन फोन करत होता. आम्हाला वाटले, देतोय राजीनामा. जवळून जाताना ऐकू आले: "सर, सिल्वासाला लोकेशन मिळतंय का बघा ना. मी आत्ता निघतो."

या सगळ्या वर्षांत सेटवर खऱ्या मोकळ्या माणसांची मी एकच जात पाहिली: आजोबा. मालिकांतले आजोबा बघा, त्यांतले बरेच बँकेतून आलेले. २०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, लाखाहून जास्त लोक बाहेर पडले, आणि त्यांतल्या आंतरबँक नाट्यस्पर्धा गाजवलेल्यांनी मड आयलंडचा रस्ता धरला. असे एक काका आमच्या सेटवर होते. पेन्शन चालू, घर स्वतःचे. संध्याकाळी साडेसहा वाजले की धोतर सोडून पँट चढवायचे. "काका, एकच शॉट," दिग्दर्शक हात जोडी. काका घड्याळ दाखवत. नायिकेला तेरा तास उभे करणाऱ्या माणसाची काकांपुढे जीभ रेटत नसे. चॅनेलच्या एका तरुण अधिकाऱ्याला हे खटकले. त्याने लेखकाकरवी आजोबांना काशीयात्रेला पाठवले. काका खुशीत; नातवाला घेऊन महिनाभर महाबळेश्वरला जाऊन आले. इकडे टीआरपी खाली आला. आजोबा कुठे गेले, म्हणून प्रेक्षक विचारू लागले. अधिकारी स्वतः पेढे घेऊन काकांच्या घरी गेला. काका परत आले, पण एक दुरुस्ती करून: आता साडेपाचला निघणार.

म्हणून मालिकेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यांच्या आईवडिलांना, एवढेच सांगणे. दिवसाचा आकडा करारात पुढेच असतो, तो सगळेच वाचतात. पैसे किती दिवसांनी मिळणार आणि दुसरीकडे काम करता येईल की नाही, ही कलमे मागच्या पानांत शोधावी लागतात. ती शोधून, चारचौघांना विचारून, मगच घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला जा.